रिस्कुल आपांचा आशीर्वाद

मी चहात दूध घालत होते, नवरा दुसरा मोजा शोधत घरभर फिरत होता, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारं आमच्या जिन्यात एकच माणूस, चौथ्या मजल्यावरच्या रिस्कुल आपा.

"सूनबाई, आवाज ऐकलास?"

"कसला आवाज? काहीच तर नाही."

"तेच म्हणतेय. खालचं ड्रिल थांबलंय."

आपांनी एकतीस वर्षं अल्माटीच्या कारखान्यात काँक्रीटच्या भिंती ओतल्या. खिडकीच्या भोकासकट अख्खी भिंत क्रेनने उचलायची आणि दुसरीला जोडायची. आमची पाच मजली इमारत अशीच उभी राहिली. जिना चढताना त्यांचा तळवा भिंतीवरच असतो. नवरा विचारायचा, "आपा, ताप आहे का हो हिला?" त्या म्हणायच्या, "तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे." हल्ली म्हणत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात भूकंपाचा धक्का बसला तेव्हा आम्ही सगळे सपातांवरच बर्फात धावलो. एके काळी तिथे मोठं अंगण होतं. आता तिथे बारा मजली नवी इमारत आहे आणि उरलेल्या जागेत गाड्या. दोन्ही इमारतींना पडायला जागा एकच, आम्ही उभे होतो ती.

वसंतात तळमजल्यावर, आमच्या बरोबर खाली, दौरेनने बेकरीसाठी घर घेतलं. रीतीप्रमाणे आधी थोरांना बोलावलं. उकडलेलं मांस, पिठाचे गरम तळलेले गोळे, बाउरसाक. आपांनी तळवे पसरले, "दार उघडं राहो, चूल पेटती राहो," म्हणाल्या आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. मग आपा हात धुवायला आत गेल्या. प्लॅस्टिकच्या पडद्यामागे मधल्या भिंतीवर खडूने रेघ मारलेली होती, इथून तिथपर्यंत.

"दौरेन, ही नाही रे पाडायची."

"अहो आपा, आत्ताच तर आशीर्वाद दिलात! एका भिंतीने काय बिघडतंय?"

दुसऱ्या दिवशी तो दारोदार संमतीचा कागद घेऊन फिरला. "आपांनीच आशीर्वाद दिलाय," एवढंच सांगायचा. थोरांच्या शब्दापुढे कोण बोलणार? आपा सोडून साठही घरांनी सह्या केल्या. मीही केली.

आज आपा माझ्या स्वयंपाकघरात बसल्या, पण चहाला हात लावला नाही.

"आपल्या इमारतीला खांब नाहीत गं. भिंत हाच खांब. ती त्याने पाडली, आता तुझ्या जमिनीखाली काही नाही."

"पण तपासायला सरकारी माणूस आला होता ना?"

"आला. साठ सह्या बघितल्या आणि गेला."

"मग आशीर्वाद परत घ्या की," नवरा हसत म्हणाला.

आपा हसल्या नाहीत. आमच्यात दिलेला आशीर्वाद कुणी परत घेत नाही. घेतला तर तो शाप धरतात, आणि त्या बाईला पुन्हा कुणी लग्नाला, बारशाला बोलावत नाही.

"घेणार आहे," त्या म्हणाल्या. "दहाला तो दुकान उघडतोय. सगळे जमतील. लोकांनी सह्या मागे घेतल्या तर त्याला लोखंडी टेकू लावावेच लागतील. हे डोंगर तोवर पुन्हा हलले नाहीत, तर."

नवऱ्याच्या हातात एकच मोजा होता. तो तसाच खाली बसला.

"माझ्यासोबत खाली चल, सूनबाई," आपा म्हणाल्या. "तू काही बोलू नकोस. फक्त शेजारी उभी राहा."