उरणला नेलेली नूहची होडी

रेहानाचं आमंत्रण आलं आणि मी तिथल्या तिथे हो म्हटलं! आमच्या शाळेत ती गणित शिकवते, मी चित्रकला. उरणजवळच्या गावात तिच्या वडिलांनी नवीन घर बांधलंय. अब्बा आयुष्यभर मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. "हॉलमध्ये लावायला नूह पैगंबरांची होडी काढून आण," ती म्हणाली. मी नूहची गोष्ट वाचली, महापूर, जोडीजोडीने चढणारे प्राणी, आणि झपाटल्यासारखी कामाला लागले.

रविवारी सकाळी सातला खारघरहून स्कूटर काढली. दोनशेचं पेट्रोल, पायाशी कापडात गुंडाळलेला कॅनव्हास. जाणार असाल तर लवकर निघा; उलव्यानंतर कंटेनरवाल्यांना रस्ता आपल्या बापाचाच वाटतो. द्रोणागिरीच्या गोदामांपर्यंत मी डावी कडा सोडली नाही. मग खाडीचा वारा लागला आणि मी हेल्मेटमध्ये चक्क गाणी म्हणत होते!

पोचल्या पोचल्या गरम घावनं आणि कोळंबीचं कालवण. काय चव होती, आहाहा! दुपारच्या नमाजानंतर अख्खं गाव घर बघायला येणार होतं, आणि चित्रासाठी भिंत मोकळी ठेवलेली. मी ऐटीत कापड सोडलं.

रेहाना एकदम पुढे झाली. होडीच्या टोकावर मी नूहना उभं केलं होतं. पांढरी दाढी, भुवया, डोळे, सगळं.

"अगं सुजाता," रेहाना कुजबुजली, "आम्ही पैगंबरांचं चित्र काढत नाही गं. मी नुसती होडी म्हटलेलं."

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आता हे चित्र तसंच परत न्यायचं?

अब्बा मात्र हसले. "घाबरतेस काय पोरी? बस. पैगंबर म्हंजे अल्लाचा निरोप आननारा मानूस. हजरत आदमपासून आमच्या शेवटच्या पैगंबरांपर्यंत सगळी मानसंच. लोकांनी हसं केलं, दगड मारले, तरी निरोप सांगत राहिली. त्यांना जीव लावायचा, त्यांचं ऐकायचं. पूजा एका अल्लाचीच. चेहरा भिंतीवर लागला की उद्या कोनी हार घालील."

मला हसूच फुटलं. "अब्बा, आमचे बुद्धही मला देव म्हणा असं सांगून गेले नाहीत. पण आमच्या घरी त्यांना रोज हार असतो!"

"बघ! मी काय बोललो?"

डिकीत पांढरा आणि निळा, दोनच रंग होते आणि एक ब्रश. मी विचारलं, "यांच्या जागी काय काढू?"

"आभाळ काढ. पन आधी होडी बघ, लाटेला आडवी हाय! टोक लाटेवर घे, नायतर तुझी सगळी जनावरं बुडतील."

दीड तास आम्ही दोघं त्या होडीशी झटलो. अब्बा बोटाने लाट दाखवायचे, मी रंगवायचे. नमाजाहून आल्यावर त्यांनी स्वतः चित्र टांगलं आणि येईल त्याला सांगत सुटले, "रेहानाच्या मैत्रिनीनं काढलं. लाट माझी हाय!" मी तर हवेतच होते.

संध्याकाळी घरी येऊन चहा घेताना फोन उघडला. त्यात निघण्याआधी काढलेला जुन्या चित्राचा फोटो होता. खरं सांगते, इतका जिवंत चेहरा माझ्या हातून आजवर उतरला नव्हता. तो फोटो पुसायला मला कुणीच सांगितलं नव्हतं, अब्बांना तर तो आहे हेही माहीत नव्हतं. जिवावर आलं. पण पुसला.