घरच्याच झुलीखाली

तुमचे मामाआजोबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, जन्मापासून बहिरे आहेत असं तुम्ही दोघं समजत होतात. तसं नाही. लहानपणी तो पोपटांच्या इतक्या हुबेहूब नकला करायचा की पोपट उत्तर द्यायचे. मग त्याला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, कान गेले. ओठ पाहून बोलणं ओळखायला तो पुढे शिकला.

गेल्या वर्षी तुमची थोरली बहीण परदेशी वसतिगृहात राहायला गेली. कॉलेजनं सांगितलेली मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूज्वराचीच, लस तिनं जाण्यापूर्वीच घेतली होती, त्यामुळे माझ्या लेखी तो विषय संपला. पुढे सेवाग्रामला डोळे दाखवायला गेले असताना ओळखीच्या डॉक्टरीणबाईंशी सहज बोलणं निघालं. त्या म्हणाल्या, ती लस चार प्रकारच्या जंतूंवर आहे. ‘बी’ नावाचा पाचवा प्रकार तिच्यात येत नाही. त्याची लस निराळी, दोन डोसांची. आपल्याकडे सहसा मिळत नाही, तिकडे मिळते.

मी विचारलं, बाकीच्या चारांसारखीच याचीही का नाही केली? त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी चहा प्यायचा विसरले.

हे जंतू धडधाकट माणसांच्याही घशात गुपचूप राहतात. त्यांच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं आवरण असतं आणि त्या चारांची लस शरीराला ते आवरण ओळखायला शिकवते. पण ‘बी’चं आवरण ज्या साखरेचं, तीच आपल्या मेंदूच्या पेशींवरही असते. शरीर त्याला घरचाच समजतं. शिवाय हे जंतू एकमेकांकडून जनुकांचे तुकडे घेतात आणि कधी कधी आवरणच बदलून टाकतात.

मला आमच्या गावचा एक पोळा आठवला. आईनं कापडाच्या एकाच ठाणातून आमच्या आणि शेजाऱ्यांच्या बैलांच्या झुली शिवल्या होत्या. तोरणाखालून बैल परतले आणि शेजाऱ्यांचा एक बैल थेट आमच्या गोठ्यात शिरला. वडिलांनी त्याला ओवाळून घेतलं, पुरणपोळीही चारली. झूल काढल्यावर पाठीवरचा भोवरा दिसला, तेव्हा कळलं की हा आपला नव्हे.

शास्त्रज्ञांनीही तेच केलं. त्यांनी जंतूची सगळी जनुकं वाचून काढली आणि झुलीखालच्या खुणा, म्हणजे त्याची प्रथिनं, शोधल्या. त्या खुणाही सगळीकडे सारख्या नसतात, म्हणून लशीत एकीऐवजी अनेक घातल्या. आजही रोग्यांत सापडलेल्या जंतूंची जनुकं वाचून, त्या खुणा अजून जुळतात का हे पाहतात. डोळ्यांनाही न दिसणाऱ्या जिवाच्या अंगावरचा भोवरा माणसानं वाचावा! बसमध्ये घरी येईपर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

थोरलीला फोनवर हे सगळं सांगितलं, पण तिला त्याचं काही वाटेना. वसतिगृहात कुणीच ती दुसरी लस घेतलेली नाही, परीक्षा झाल्यावर बघू, असं तिनं तीनदा ऐकवलं. शेवटी मी भावाला सगळं सांगितलं. पोळ्याचा बैल म्हटल्यावर तो हसला. मग त्यानं मला थोरलीला व्हिडिओ कॉल करायला लावला, माझ्या हातातला फोन घेतला आणि पडद्यावर तिचे ओठ दिसतील असा धरला.

“हे पाह्य बाई, तुहा आवाज कसा हाये, मले मालूम नाई. तू माहा ऐकून राह्यली न? मंग लस घेऊन टाकजो.”

तिनं होकारार्थी मान डोलावली.

आठवड्यानं तिचा फोन आला, तोही माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. बाही वर करून तिनं सुजलेला दंड दाखवला. रात्री ताप आला होता म्हणे. भाऊ चष्मा लावून पडद्याजवळ वाकला आणि तो दंड बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, आता शाबासकी देणार.

“अन् दुसरा डोस कवा हाये?” त्यानं विचारलं.