नसीमाची अक्कलदाढ

फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात काचेच्या पेटीत होते. यवतमाळला आमच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर पेशी वाढवायची एक लहानशी खोली आहे. तिथल्या निर्जंतुक हवेच्या पेटीत एकदा हात घातले की मधेच बाहेर काढता येत नाहीत. काढले तर सगळा सोपस्कार पहिल्यापासून. फोन टेबलावर थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरू लागला. नसीमाच असणार, असं म्हणून मी वैतागले. हिला कितीदा सांगितलं, सकाळी साडेदहाला फोन करत जाऊ नको म्हणून! ताटलीवर झाकण ठेवलं, ताटली इनक्युबेटरमध्ये सरकवली आणि मग सावकाश फोन घेतला. नंबर तिचाच होता, पण बोलत होता तिचा धाकटा भाऊ अस्लम. "वंदनाताई... आपा गेली." पांढरकवड्याला घराखाली तिच्या दवाखान्यासमोरच स्कूटरला किक मारता मारता ती कोसळली होती. मेंदूतली नस फुटली म्हणे. मी "कोण आपा?" असं विचारलं, एवढं मला आठवतं. माणूस किती वेड्यासारखं बोलतो अशा वेळी... मी नुकत्याच आत ठेवलेल्या ताटलीत वाढत होत्या त्या नसीमाच्याच अक्कलदाढेच्या पेशी. याला कुणी योगायोग म्हणू नका. दोन महिने झाले, आठवड्यातून तीन सकाळी मी तेच काम करत होते.

तिला शेवटचा निरोप देऊन आले. दोनेक आठवड्यांनी अम्मीचा फोन आला. अम्मी म्हणजे नसीमाची आई, आणि शाळेपासून माझीही अम्मीच. "वंदना बेटा, तिची दाढ तुह्याजवळ हाय ना? चाळिसाव्याले येशीन तवा घेऊन ये. मातीत द्याची हाय." त्यांच्या घरात पडलेला दात, कापलेली नखं, विंचरलेले केस, सगळं मातीत पुरतात; अंगाचं होतं ते इकडेतिकडे टाकू नये म्हणून. दाढ माझ्याजवळ होती, छोट्या बाटलीत जपून ठेवलेली. ती देण्याला माझी काय हरकत? पण त्या दाढेवरून मी जे खरवडून घेतलं होतं, ते मेलेलं नव्हतं. ते वाढून चार ताटल्यांत पसरलं होतं. अम्मीला दाढ द्यायची आणि बाकीचं पोटातच ठेवायचं? की सांगायचं, आणि "तेही घेऊन ये" म्हणाल्या तर ते माझ्या हातांनी संपवायचं? संमतीच्या कागदावर नसीमाची सही होती, नियम सगळे माझ्या बाजूचे होते. पण अम्मीपुढे कागद काढणारी मी कोण लागून गेले?

नसीमाची आणि माझी ओळख पाचवीतली. मी केळापूरहून सायकलने पांढरकवड्याच्या शाळेत यायची, आणि सायकलची चेन पडली की तिच्या अब्बांच्या गॅरेजवर थांबायची. अब्बा चेन बसवून देत आणि ही बाजूला उभी राहून मला शिकवत असे, "हात काळे कर ना व, असं दुरून काय पाहून राह्यली?" मी नीटनेटकी, भित्री, वहीला कव्हर घालणारी. ती वहीच विसरणारी. पुढे दोघीही दातांच्या डॉक्टर झालो, त्यातही तिच्याच हट्टाचा वाटा मोठा. मला प्रयोगशाळेचं वेड लागलं आणि मी यवतमाळला राहिले. ती घरी परतली, खाली दवाखाना आणि वर घर. तिच्या खुर्चीत बसून घाबरलेला माणूस मी पाहिला नाही. "आ कर" म्हणायची आणि त्याच्या सोयाबीनची, सुनेची, बैलाची चौकशी करत करत दात हातात घेऊन मोकळी व्हायची. वरून रागावायची ते निराळंच. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याला तर ती अशी झापायची, की तो माणूस दवाखान्यातून निघताना खिशातली पुडी दारातल्या डब्यात टाकूनच जायचा. चौकातून नवी घेत असेल, तो भाग वेगळा.

पण तिचं एक दुखणं होतं. एकदा पस्तिशीची एक बाई तिच्याकडे आली, दात सगळे किडीशिवायचे, पांढरेशुभ्र, आणि सगळे हलणारे. हिरडी खाली गेलेली, आतलं हाड झिजलेलं. नसीमाला त्यातले चार काढावे लागले. त्या संध्याकाळी तिने मला फोन केला. म्हणाली, "वंदे, दात चांगला हाय, धरणारंच नाही उरलं. मी काय करू? उपटत बसू जिनगानीभर?" मी तेव्हा त्याच धरणाऱ्यावर काम सुरू करत होते. दात काही हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. बाजेच्या नवारीवर माणूस असावा, तसा तो बारीक बारीक दोऱ्यांच्या थरावर तोललेला असतो. तो थर विणणाऱ्या पेशी निरोगी दाताच्या मुळावरून घ्यायच्या, बाहेर वाढवायच्या आणि कधीतरी अशा बाईच्या हिरडीत परत पेरायच्या, असं ते स्वप्न. हे ऐकल्यावर नसीमाने दुसऱ्याच दिवशी स्वतःला माझी पुरवठादार नेमून टाकलं.

पहिली खेप मी जन्मात विसरणार नाही. वेडेवाकडे आले म्हणून काढावे लागलेले पण निरोगी असे दात तिने आठवडाभर रुग्णांना विचारून, सह्या घेऊन जमवले. मी दिलेल्या द्रवाच्या बाटल्यांत ते घातले आणि बर्फाच्या थर्मासात ठेवून सकाळच्या एसटीने पाठवले. कंडक्टरने विचारलं, "डॉक्टरीनबाई, याच्यात काय हाय?" ही म्हणाली, "दात." त्याने थर्मास मांडीवर घेऊन यवतमाळपर्यंत आणला. मी उघडला, तर आत मोत्यासारखे चमकणारे दात! मुळं अशी घासलेली, की नखाला काही लागेना. मला ज्या पेशी हव्या होत्या त्या त्याच मुळांवर होत्या, म्हणजे आता नव्हत्या. मी फोनवर कडाडले. नसीमालाही कळेना. शेवटी मागून अम्मीचा आवाज आला. दात मोठ्या कॉलेजात चाललेत हे त्यांना कळलं होतं. रक्ताळलेले दात लोकांच्या घरी पाठवायचे म्हणजे आपल्या पोरीच्या दवाखान्याची काय शोभा राहिली? म्हणून थर्मास निघायच्या आधी त्यांनी एकेक दात बाहेर काढून, जुन्या ब्रशने, साबण लावून, कोमट पाण्यात मन लावून घासला होता आणि परत बाटलीत ठेवला होता. "घाण कायले पाठवाची बेटा, तू का परकी हाय?" पलीकडे नसीमा हसत होती. इतकी हसली, की शेवटी फोन अम्मीनेच ठेवला.

पुढच्या खेपा न घासता आल्या, पण यश काही येईना. कधी पेशी मुळावरून सुटतच नसत, कधी सुटत आणि चौथ्या दिवशी ताटलीवर बुरशी धरे. तीनदा बुरशी आली तेव्हा मी हे काम सोडायचं ठरवलं. नसीमाला सांगितलं, तर ती म्हणाली, "माही अक्कलदाढ आडवी हाय. काढाचीच हाय कधी ना कधी. येऊ?" आणि खरंच आली. खुर्चीत बसून तिने आमच्या सर्जनला भूल कुठे द्यायची, चिरा किती घ्यायचा, सगळं सांगितलं. तो बिचारा "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिला. मात्र दाढ हलायला लागल्यावर तिने माझा हात धरला, आणि डोळ्यांतून पाणी. गालात कापूस कोंबलेला, तरी बोलायची हौस काही सुटेना. "पांढरकवड्यात सांगजो नको," असं काहीसं ती म्हणाली. मी दाढ घेऊन धावतच वर गेले. मुळाच्या मधल्या भागावरूनच खरवडायचं असतं. वर गेलं तर हिरडी येते, खाली गेलं तर नस. माझा हात त्या दिवशी जरा जास्तच जपून चालला.

नवव्या दिवशी खरवडून ताटलीत ठेवलेल्या कणांच्या कडेने पेशी बाहेर सरकलेल्या दिसल्या. लांबट, निमुळत्या, एका दिशेने निघालेल्या. मी तिला तसंच बोलावून घेतलं. मायक्रोस्कोपला डोळा लावून ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "इतक्या सडपातळ? ह्या माह्या नाही वाटत व." तिच्या वजनाबद्दल इतरांनी बोललेलं तिला खपत नसे, स्वतः मात्र ती सतत बोले. जाताना दारात थांबून तिने विचारलं, "त्या बाईच्या कामी येईल का हे?" मी खरं सांगितलं, की त्या बाईच्या नाही, अजून पुष्कळ वर्षं आहेत, आणि नक्की होईल असंही नाही. तिने मान हलवली. "मंग दुसऱ्या बाईच्या," म्हणाली आणि स्टँडवर निघून गेली. तीच आमची शेवटची भेट. नंतर सगळं फोनवरच... "माह्या पोरी कशा हायेत?" असं ती विचारायची आणि मी तिला, काम आहे, ठेव आता, म्हणायची. याचं मला फार वाईट वाटतं. पाच मिनिटं जास्त बोलले असते तर माझं काय जात होतं?

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी गेले. पाहुणे उठल्यावर अम्मी मला मागच्या खोलीत घेऊन बसल्या. मी बाटली त्यांच्या हातात दिली. दाढ त्यांनी रुमालावर काढली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "घासली नाही तू?" तिथेच मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. मुळावरून काय घेतलं, ते कसं वाढलं, कुठे ठेवलंय, सगळं. तुम्ही म्हणाल तसं करीन, हेही सांगितलं. अम्मी ऐकत होत्या. त्यांना किती समजत होतं कोण जाणे. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "जित्तं हाय ते?"

"हो, अम्मी."

"मंग जित्त्याले माती कशी देऊ?"

मग, आता लपवायचं तरी काय म्हणून, हेही सांगितलं की ते कायमचं नसतं. निरोगी पेशी काही काळ वाढतात आणि एक दिवस आपणच थांबतात. अम्मीने दाढ रुमालात गुंडाळली. "थांबतीन तवा घेऊन ये. तवर राहू दे तिचं काम." घरामागच्या मातीत दाढ पुरताना त्यांनी मलाही मूठभर माती टाकायला लावली. हात धुताना एकदम म्हणाल्या, "खातात काय ते?" मी म्हटलं, एक गुलाबी पाणी असतं, दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं, संपत आलं की पिवळं पडतं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "टाइमावर देत जा बेटा. भूक सहन नाही होत तिले. लहानपणापासून नाही होत."

आता सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी बरोबर साडेदहाला फोन वाजतो. मी पेटीतून हात बाहेर काढते. सोपस्कार पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, लागू दे. अम्मी माझी खुशाली विचारत नाहीत, स्वतःची सांगत नाहीत. "जेवली का?" एवढंच विचारतात. मी ताटली उजेडात धरून पाण्याचा रंग बघते आणि सांगते, "जेवली, अम्मी. आत्ताच जेवली."