पितरांच्या आधी पोचलेली गवार

आमचे बाबा वारले आणि आमच्या शेतीत एक मोठी सुधारणा झाली. पंचांग बघणं बंद झालं.

बाबा नक्षत्र बघितल्याशिवाय मूठभर मेथीसुद्धा टाकत नसत. मी मात्र शिकलेला माणूस. (बारावी. दोनदा.) अंजनगाव सुर्जीजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा आहे, आणि माझं एक पक्कं निरीक्षण होतं. एरवी गवारीला फारसं कोणी विचारत नाही, पण पितृपक्ष लागला की तिच्याशिवाय पितर जेवत नाहीत! पंधरा दिवस नुसती झुंबड. मागच्या वर्षी पितृपक्ष लागला ती तारीख मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवली होती. तिथून पन्नास दिवस मागे मोजले आणि पेरणीचा दिवस काढला. इतकं सोपं गणित, अन् अख्ख्या वऱ्हाडात कोणाला सुचलं नव्हतं!

अडचण एकच. गवारीसाठी धरलेल्या त्याच अर्ध्या एकरात सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, दसऱ्यासाठी झेंडू लावायचा होता.

“पंचांग पायलं का जी?” तिनं विचारलं.

“भिंत पायली.”

“भिंतीवर काय तिथी निघते?”

“तू पाय तं खरी! इकडे पितर ताटावर, तिकडे गवार हजर!”

“अन् नाई झाली तं?”

“तं पुढच्या सालापासून वावरात काय पेरायचं ते तू ठरव! बाबाची आन!”

(हे शेवटचे दोन शब्द कोणी बोलायला सांगितले होते, कोण जाणे.)

गवार अशी उगवली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. तेवढ्यात धामणगाव रेल्वेहून सासूबाईंचा फोन. “जावईबापू, धोंड्याचा महिना लागला. वाण घ्याले या!” गेलो की! अधिक महिन्यात जावयाचा मान असतो. पुरणाचे धोंडे हाणले, तेहतीस अनारसे बांधून घेतले, नवा सदरा अंगात घातला. आता कोणी म्हणेल, ज्यानं अधिक महिन्याचं वाण दोन्ही हातांनी घेतलं, त्याला यंदा एक महिना जास्तीचा आहे हे कळू नये? नाही कळलं! अनारसे मोजले, महिना मोजायचा राहिला.

भिंतीवरच्या तारखेला, अगदी बरोब्बर, गवारीचा पहिला तोडा निघाला. कोवळी, लुसलुशीत! भल्या सकाळी अंजनगावच्या बाजारात पोचलो. आमचा माल विकून देणारे अडते गुलाबराव पुढे आले.

“पितराची गवार हाये, गुलाबराव. आज भाव मी सांगीन!”

त्यांनी एक शेंग मोडली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. “बाप्पा! अजून पोळा व्हायचा हाये. गणपती बसले नाईत, महालक्ष्म्या जेवल्या नाईत, अन् तू पितर घेऊन आला?”

हमालसुद्धा पोती टाकून हसायला लागले. त्या दिवशी बाजारात गवारीला कुत्रं विचारत नव्हतं.

दुसरा कोणी खचला असता. मी लगेच मार्ग काढला. तोडा बंद! शेंगा झाडालाच राहू द्यायच्या आणि पितृपक्षात तोडायच्या.

“फ्रिजमधी ठेवल्यावानी!” मी सुनंदाला समजावलं.

“झाड म्हंजे काय फ्रिज हाये काहो?”

पोळा झाला, गणपती आले-गेले, महालक्ष्म्या जेवल्या, आणि माझ्या शेंगा दोरखंडासारख्या झाल्या. मोडायला गेलं तर वाकत होत्या. झाडानं नवीन फुलं धरायचंही सोडून दिलं.

“मंग बीच विकू!” मी म्हणालो. गवारीच्या बियांचा डिंक होतो आणि कारखान्यात जातो, हे मी मोबाइलवर बघितलं होतं. वाळल्या तेवढ्या शेंगा झोडपल्या आणि बी घेऊन थेट अकोला गाठलं. व्यापाऱ्यानं विचारलं, “ट्रक कुठी लावला?” मी खांद्यावरची थैली दाखवली. त्यानं मला चहा पाजला. इतक्या दयेनं मला आजवर कोणी चहा पाजलेला नाही.

मग पितृपक्ष लागला आणि बाबांची तिथी आली. बाबांचा जीव गवारीत. दारात अर्धा एकर गवार, आणि त्यांच्या पानावर वाढायला एक धड शेंग नाही! पिशवी घेऊन गुलाबरावांकडे गेलो. त्यांनी पावशेर तोलून दिली, तीही गंभीर चेहऱ्यानं. हसले असते तर बरं वाटलं असतं.

गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. कावळा आला, पाण्याच्या टाकीवर बसला आणि खाली उतरेचना. अर्धा तास!

“बाबाचं काईतरी राह्यलं असन,” सुनंदा म्हणाली.

“काई नाई राह्यलं!”

“आन कोनं घेतली होती?”

कावळा मान वाकडी करून माझ्याकडेच बघत होता. बाबा अगदी असेच बघायचे. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात जोडले. “बाबा, चुकलो. पुढच्या सालापासून वावराचा कारभार सुनंदाकडे!”

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पानावर, आणि पहिली चोच गवारीत!

सुटलो बुवा, म्हणत मी जेवायला बसलो. गवारीचा पहिला घास घेतला आणि दात जागच्या जागी थांबले.

“हे कोनती गवार वं?”

“इकतची बाबाले वाढली,” सुनंदा शांतपणे म्हणाली. “तुमाले घरची.”

संध्याकाळपर्यंत चावत होतो. पुढच्या साली ती काय पेरणार, हे तिला विचारायचं होतं. पण तोंड रिकामं होईल तर ना!