अर्डिस वहिनीची रात्रभराची टर्की

आमच्या टॉर्सेट गावात बाईची किंमत तिनं सणाला भाजलेल्या टर्की पाखरावरून ठरते. हे मी चारचौघांत बोलले तर पाद्र्याची बायको डोळे वटारेल, पण खरं ते खरं. आणि या बाबतीत माझी वहिनी अर्डिस लुंडीन कित्येक वर्षं सगळ्यांच्या डोक्यावर बसली होती. माझा भाऊ तिला लग्न करून घरी घेऊन आला, त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला तिनं आमच्या आईला गोड बोलून ओव्हनपासून बाजूला केलं आणि खुर्चीत बसवलं. आईनं मला नजरेनंच विचारलं, ही काय बया आणलीय आपल्या पोरानं. पण रात्री जेवताना आईनंच हाडं चोखून साफ केली.

अर्डिस शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. निम्म्या गावाला तिनं लहानपणी ताटातले वाटाणे संपवायला लावलेत, त्यामुळे आजही मोठमोठे बाप्ये ती आली की नीट बसतात. हात धुतले का, नखं दाखव, झाकण कुठंय, हे तिचं निवृत्त झाल्यावरही चालूच होतं. तिच्यासमोर मी माझ्याच घरात लाकडी चमचा चाटायला घाबरते.

टर्की करायची तिची रीत तिच्या आईची. सणाच्या आदल्या दिवशी टर्कीच्या पोटात पावाचं आणि कांद्याचं सारण भरायचं, वरून लोणी चोळायचं, तासभर चांगली आच द्यायची आणि मग ओव्हन अगदी मंद करून सरळ झोपायला जायचं. सकाळी उठलं की घरभर वास आणि मांस हाडापासून आपोआप सुटलेलं. शाळेत ती प्रत्येक भांड्यात थर्मामीटर खुपसायची, पण घरी कुणी त्याचं नाव काढलं तर नाक मुरडायची. म्हणायची, माझ्या आईनं हयातभर अशीच केली, कुणी मेलं का?

आमच्याकडे ज्यांची मुलं लांब आहेत, जे एकटे आहेत, ते सगळे थँक्सगिव्हिंगला चर्चच्या तळघरात जेवतात. टर्क्या घराघरांतून येतात, आणि प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी. हॉगन बंधू अंगणात भलं मोठं पातेलं मांडून ती अख्खी तेलात तळतात. अर्डिस म्हणायची, हे जेवण नाही, ही आग लावायची हौस आहे. शाळेतली नवी बाई कणा कापून टर्की पुस्तकासारखी उघडून सपाट भाजते. त्यावर अर्डिसचं म्हणणं, गाडीखाली आली वाटतं बिचारी. पाद्र्याची बायको पिशवीत बांधून वाफेवर भाजते, तिला तर ही आंघोळीची टर्की म्हणायची. मी दोन दिवस मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवते. माझ्याबद्दल ती काही बोलायची नाही, नुसतं पाणी मागायची.

त्या वर्षी रॉइस पेटिग्रूला पहिल्यांदा टर्की आणायला सांगितलं होतं. हा टेनेसीकडचा माणूस, आमच्या गावातल्या जनेलशी लग्न करून इथं राहायला आलेला, धान्याच्या कोठारावर काम करणारा. दोन वर्षं चर्चच्या खुर्च्या लावत होता, उचलत होता, कुणी त्याला धड नावानं हाक मारत नव्हतं. लोखंडी पिंप कापून त्यानं स्वतःच धुराची भट्टी बनवली होती. सफरचंदाच्या लाकडाच्या धुरावर तो टर्की सावकाश शिजवायचा. आपल्याला आणायला सांगितलंय हे कळल्यावर तो इतका हरखला की जनेल म्हणाली, लग्न ठरलं तेव्हाही एवढा हसला नव्हता.

आणि त्याच वर्षी अर्डिसच्या मुलांनी तिला नवा ओव्हन घेऊन दिला. काचेच्या पाटीवर बोट लावायचं, की चालू. मुलगा फोनवर तिला त्यातल्या खुब्या सांगायला लागला तर ही म्हणाली, मला ओव्हन शिकवतोस? आणि विषय बदलला. त्याला सांगायचं होतं ते एवढंच, की हा ओव्हन बारा तास झाले की स्वतःच बंद होतो. लोक विसरतात म्हणून कंपनीनं तशी सोय करून ठेवलीय.

टर्की मोठी, म्हणून तिनं आदल्या दिवशी दुपारीच आत ठेवली. ती झोपली आणि मध्यरात्रीनंतर केव्हातरी ओव्हन मुकाट्यानं बंद पडला. सकाळी उठली तर वास होता, पण ओव्हनची काचेची पाटी काळी होती. दार उघडून तिनं हात लावला. टर्की कोमट होती. सारणात बोट घातलं, तेही कोमट.

अर्डिसनं दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरात असं सापडलं असतं तर ते कचऱ्यात टाकलं असतं आणि वर त्या बाईला तासभर सुनावलं असतं. शाळेत तर तिनं एकदा अख्खं पातेलंभर सूप रात्रभर कोमट राहिलं म्हणून ओतून दिलं होतं. पण ती घड्याळाकडे बघत उभी राहिली. तळघरात आपली जागा रिकामी दिसेल, हॉगन दात काढतील, असं तिच्या मनात आलं. तिनं आच मोठ्ठी केली, वरची साल लाल होईपर्यंत भाजली आणि टर्की झाकून चर्चमध्ये आणली. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा मला दिसली ती नेहमीसारखीच सोनेरी, चकचकीत टर्की, आणि नेहमीसारखीच ती सगळ्यात आधी संपली.

त्या रात्रीपासून गावभर उलट्या. मी स्वतः न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकून पडले होते. अर्डिसही पडली. हॉगन बंधूंचे वडील, म्हातारे मिस्टर हॉगन, तर इस्पितळात गेले, हाताला सलाइन, डोळे खोल, आणि मुलं दाराबाहेर उभी. दोन दिवस त्यांचं काही खरं नव्हतं.

आता कुणाची टर्की, हा प्रश्न आलाच. भांडी तर सगळी त्याच दिवशी घासून झाली होती, तपासायला काही उरलं नव्हतं. तेव्हा कुणीतरी म्हणालं की रॉइसची आतून गुलाबी होती, आपण बघितली होती. मग सगळ्यांनीच बघितली होती. पहिल्या दिवशी त्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला की धुरात शिजलेलं मांस गुलाबीच दिसतं, ते कच्चं नसतं. पण समोरचा माणूस नुसता मान हलवून निघून गेला की बोलणाऱ्याचा स्वतःवरचा विश्वास उडतो. मिस्टर हॉगनना इस्पितळात बघून आल्यावर त्यालाही वाटायला लागलं की असेल, आपलंच काहीतरी चुकलं असेल.

मग तो घरोघर गेला. ज्यांना त्रास झाला त्या प्रत्येकाच्या दारात उभं राहून त्यानं माफी मागितली. अर्डिसकडे आला तेव्हा मी तिथंच होते, तिला चहा करून देत होते. त्याच्या हातात भांडं होतं, बार्लीचं आणि भाज्यांचं सूप. चिकन मुद्दाम घातलं नव्हतं, म्हणाला. पाखराचं काही कुणाच्या घरी न्यायची त्याची छातीच होत नव्हती.

"मिसेस लुंडीन," तो म्हणाला, "तुमच्या मानानं मी काहीच नाही. तुम्हाला विचारून करायला हवी होती. माझ्यामुळे तुम्हालासुद्धा..."

त्यानं भांडं टेबलावर ठेवलं. टोपी दोन्ही हातांत धरून उभा राहिला, शाळेत वाटाणे न संपवलेल्या पोरासारखा. आणि माझी वहिनी उशीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "असू दे रॉइस. होतं असं. पहिलीच वेळ होती तुझी."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आभार मानून तो गेला. मी भांडं उघडून वाटीत सूप ओतलं आणि तिच्यापुढे धरलं, तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं पुन्हा मळमळतंय. पण ती रडत होती. माझ्या भावाच्या मयताला ही बाई रडली नव्हती, पाहुण्यांना सँडविचेस वाटत फिरत होती. मग तोंड भिंतीकडेच ठेवून तिनं मला ओव्हनचं सांगितलं.

मी तिच्यावर चिडले. भरपूर चिडले. चूक झाली ते झालं, माणसाच्या हातून होतं. पण वर त्या पोराला क्षमा करून मोकळी झालीस? तुझी जीभ कशी रेटली गं? ती म्हणाली, "तो आत आला तेव्हा सांगणारच होते. मग त्यानं तुमच्या मानानं मी काहीच नाही असं म्हटलं, आणि ऐकायला बरं वाटलं मला, लव्हॉन. त्याही वेळी बरं वाटलं." एवढं बोलून तिनं पांघरूण डोक्यावरून घेतलं. मला तिची दयाही आली आणि शिसारीही आली, आणि मी सूप सिंकमध्ये ओतून टाकलं.

पुढच्या आठवड्यातला रविवार आला. चर्चमध्ये सुरुवातीला सूचना असतात. कॉफीची पाळी कुणाची, बर्फ कोण काढणार, असलं. पाद्र्यानं आणखी कुणाला काही सांगायचंय का असं विचारलं आणि अर्डिस उभी राहिली. पुढच्या बाकाला धरून तिनं सगळं सांगितलं. ओव्हन बंद पडला होता, मला सकाळीच कळलं होतं, कळूनही मी आणली, रॉइसचा यात काही दोष नाही. गोल गोल बोलली नाही, सबबी दिल्या नाहीत. हॉगन बंधूंकडे बघून म्हणाली, तुमच्या वडिलांना माझ्यामुळे झालं.

आमचे लोक आरडाओरडा करणारे नाहीत. पाद्र्यानं घसा खाकरून प्रार्थना सुरू केली. नंतर कॉफीच्या वेळी लोक आपापल्या कपात बघत होते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. थोरला हॉगन तिच्या अगदी जवळून साखर घेऊन गेला, तिच्याकडे न बघता. ती कपातली कॉफी तशीच ठेवून उठली आणि मला म्हणाली, चल, गाडी काढ. कारण ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो रॉइस चर्चमध्ये आलाच नव्हता. लोकांना तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती.

त्यांच्या घरासमोर, भट्टीच्या जागी करपलेल्या गवताचा गोल डाग होता. पिंप त्यानं भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. दार जनेलनं उघडलं, आम्हाला आत या म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. रॉइस नुसत्या मोज्यांवर बाहेर आला. अर्डिसनं पायरीवर उभ्या उभ्या त्याला सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं होतं तेच, आणि त्यात भर घातली की तू सूप घेऊन आलास तेव्हाही मला माहीत होतं.

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. आतून जनेल म्हणाली, दार लाव, थंडी येतेय. तरी तो हलला नाही.

मग त्यानं विचारलं, "माझी कशी झाली होती?"

"काय?"

"माझी टर्की. त्या दिवसानंतर जो तो गुलाबी गुलाबी म्हणत होता. चवीला कशी होती ते कुणी बोललंच नाही. तुम्हाला कळतं त्यातलं, म्हणून विचारतो."

अर्डिसनं हातमोजे काढले, पुन्हा घातले. मी मनात म्हटलं, सांग बाई, छान होती म्हण, तुझं काय जातंय.

"मी चाखलीच नाही," ती म्हणाली. "लोकांना दिसावा म्हणून एक तुकडा ताटात घेतला होता, तो बटाट्याखाली दडपला आणि टाकून दिला. मी फक्त माझीच खाल्ली होती. म्हणून तर माझं पोट बिघडलं तेव्हाच मला पक्कं कळलं."

रॉइसनं मान हलवली. "बरं," म्हणाला, आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

आम्ही गाडीत येऊन बसलो. मी लगेच गाडी सुरू केली नाही. समोर बघतच तिनं मला विचारलं, "तू खाल्ली होतीस ना त्याची? कशी होती?"

मी दोनदा वाढून घेतली होती. "चांगली होती," मी म्हटलं. "तुझ्यापेक्षा चांगली होती, अर्डिस."

तिला राग आला नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मग इतक्या दिवसांत हे त्याला तुमच्यातलं कुणीच कसं सांगितलं नाही?"

मी मान खाली घातली आणि किल्ली फिरवली.