पुढं म्हणजे कुठवर?

काका हात वर करत नसत, बाजूला काढत.

सभेत काही विचारायचं असलं की बाकीची माणसं हात वर करतात. काका उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढत आणि तसाच धरून ठेवत. उभं आयुष्य एसटी चालवण्यात गेलं होतं. वळायचं असलं की खिडकीतून हात बाहेर. निवृत्त झाले तरी ती सवय गेली नाही. त्यामुळे ते नेहमी रांगेच्या कडेची खुर्ची धरत, नाहीतर हात शेजाऱ्याच्या नाकावर जायचा. स्टेजवरच्या पाहुण्यांना वाटायचं, हे गृहस्थ कुणाला तरी बसायला जागा दाखवत आहेत.

मग मी माईकवरून म्हणायचो, "काका, हात वर करा."

"हात वर करून कुठं गाडी वळती व्हय, मास्तर?"

सभा हसायची. हसू ओसरलं की ते सावकाश उभे राहायचे आणि म्हणायचे, "माझा एक साधा सवाल हाय."

तुमच्याही गावात असा एक जण असेल. लोक त्याला कंटाळतात, आणि एखाद्या दिवशी तो दिसला नाही तर 'आज कुठं गेले?' असंही विचारतात. काकांचे सवाल खरोखरच साधे असत. "स्टँडवर संडास बांधला ते बेस झालं. चावी कोणापाशी हाय?" किंवा, "हळदीचं वजन सकाळी एक अन् दुपारी एक भरून राहिलं. उन्हानं हळद वाळती का काटा?" उत्तर मिळालं नाही तरी ते रागावत नसत. "बराबर," म्हणत आणि खाली बसत. पुढच्या सभेत तोच सवाल पुन्हा.

माईक माझ्याच हातात का असायचा, तेही सांगतो. हिंगोलीहून नांदेडकडे जाताना आत वळावं लागतं असं आमचं गाव. तिथं एका खाजगी संस्थेच्या शाळेत मी मराठी शिकवतो. संस्थेचे अध्यक्ष राजकारणात आहेत. माझा आवाज बरा आहे हे त्यांना मी नोकरीला लागलो त्याच वर्षी कळलं. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक सभेचं सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. त्याला मी कधी हो म्हटल्याचं आठवत नाही. नाही म्हटल्याचंही आठवत नाही.

काकांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या आणि ती अडली म्हणून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं ऑपरेशनची खोली होती, टेबल होतं, वरचा मोठा दिवासुद्धा होता. भूल देणारा डॉक्टर नव्हता. "पुढं न्या," म्हणाले. पुढच्या ठिकाणीही तसंच काहीतरी झालं आणि तिथूनही पुढं न्यायला सांगितलं. काका ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी बसले होते. वारंगा फाटा थोडा लांब होता तेव्हा मागं बाळ झालं. रडलं नाही.

त्या रस्त्यावर काकांनी सगळी नोकरी काढली होती. कुठल्या वळणावर म्हशी आडव्या येतात, कुठं डांबर खचतं, त्यांना डोळे मिटून ठाऊक. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. "ड्रायव्हर चांगला होता, मास्तर. पोरानं गाडी बेस चालवली. मी असतो तरी तेवढीच चालली असती."

पुढं ती मुलगी पुन्हा गरोदर राहिली. सासरची माणसं भली, पण तिला आईजवळच यायचं होतं. तेवढ्यात निवडणुकीच्या आधीची एक मोठी सभा जाहीर झाली. विषय छापला होता, 'आरोग्यसेवेतील सुधारणा'. नागरिकांनी प्रश्न विचारावेत असंही पत्रिकेवर होतं. काका पत्रिका घेऊन माझ्या घरी आले.

"मास्तर, ह्या वख्ताला सवाल पक्का पाहिजे. ह्या वख्ताला 'बराबर' म्हणून खाली बसता येत न्हाई. पोरीचे दिवस भरायच्या आत डॉक्टर पाहिजे."

सवाल तयार करायला आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो. मी लिहिलं, 'माननीय महोदय, ग्रामीण भागातील आरोग्यव्यवस्थेच्या सक्षमीकरणाच्या अनुषंगाने…' काकांनी मला तिथंच थांबवलं.

"हे कोण बोलून राहिलं? मी का सरकारी कागद?"

मग त्यांनी स्वतः सुरुवात केली. ती त्यांच्या भरतीपासून निघाली, डेपोतले साहेब, जुनी गाडी, तिचे ब्रेक असं करत दवाखान्यापर्यंत येईना. काकू आतून म्हणाल्या, "अवं, गाडी कवा सुटायची ही? पाशिंजर उतरून गेले."

मुलगी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "बाबा, माझं नाव नका घेऊ तिथं. लोक माझ्याकडं बघतेत."

"न्हाई घेत."

"मी व्हते साहेब. मला इचारा." तिनं खांद्यावर टॉवेल टाकला, मान ताठ केली. "बोला काका. तुमच्यासारख्या ज्येष्ठांचं मार्गदर्शन हेच आमचं बळ!"

काकांनी हात बाजूला काढला. "साधा सवाल हाय, साहेब."

"काका, तुमचा प्रश्न तो आता माझा प्रश्न झाला!"

"अरे, तुझा झाला तर मग मी काय इचारू?"

आम्ही सगळे हसलो. मुलगी पोटाला हात लावून हसत होती. हसू ओसरलं तरी तो हात तसाच पोटावर राहिला. मग काकूंनी चहा आणला.

शेवटी सवाल असा ठरला : 'साहेब, आमच्या दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर कवा येणार, ती तारीख सांगा. तोवर पुढं न्या म्हणतेत. तर पुढं म्हंजे कुठवर?' काकांनी तो पाठ केला. दूध आणायला जाताना, पिठाच्या गिरणीवर, दाढी करताना ते म्हणून बघत. मुलगी ओरडायची, "बाबा, जपून. गाल कापसाल."

अशा मोठ्या सभेत प्रश्न आधी अध्यक्षांना दाखवायचे अशी पद्धत आहे. मी दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "सर, ह्यात तारीख मागितली. तारीख मागणारा प्रश्न नको."

"मग कसा घेऊ?"

"सूचना घ्या. सूचनेला हो म्हणता येतं."

मी उभा होतो. काकांना जाऊन काय सांगायचं, हे मनात चाललं होतं. आणि मग मला ती युक्ती सुचली. आपल्याकडे ज्याचा सत्कार होतो त्याला मनोगत म्हणून दोन शब्द बोलू देतात. ते शब्द आधी कुणी तपासत नाही. मी म्हणालो, "काकांनी सगळी नोकरी बिनअपघात केली. त्यांचा सत्कार ठेवायचा का?"

अध्यक्षांचा चेहरा उजळला. "वा सर! हे आमच्या डोक्यात नव्हतं आलं." ते इतके खूश का झाले, याचा विचार मी तिथंच करायला हवा होता. हे मी युक्ती म्हणून केलं की त्या खोलीतून सुटायचं म्हणून, ते माझं मला अजून ठरवता येत नाही.

काका साशंक होते. "माझा सत्कार? काहून?"

"मनोगतात सवाल घाला, काका. माईक तुमच्या हातात असेल."

"म्हंजे पाव्हणा म्हणून जेवायला जायचं अन् ताटावर बसून भांडायचं."

"भांडण कसलं? सवालच तर आहे."

"बरं. तुमी म्हणता तर."

सभा मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मैदानात होती. काका पांढरा सदरा घालून आले आणि सवयीनं कडेच्या खुर्चीवर बसले. कार्यकर्त्यांनी त्यांना तिथून उठवून स्टेजवर नेलं. मुलगी आणि काकू बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. मी नाव पुकारलं. फेटा बांधला गेला, शाल आली, नारळ आला. मानपत्र मी लिहिलं होतं आणि मीच वाचलं. त्यात एक वाक्य होतं, ते लिहिताना मला चांगलं वाटलं होतं : 'या रस्त्यावर काकांनी एकही जीव जाऊ दिला नाही.'

वाचताना ते मला ऐकू आलं. तोपर्यंत ते भोंग्यांतून मैदानभर गेलं होतं. बायकांच्या बाजूला मी बघितलं नाही.

टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुणे म्हणून आलेले नेते उठले आणि सगळ्यांसमोर वाकून काकांच्या पाया पडले. माईक ओढून म्हणाले, "हे माझ्या वडिलांसारखे आहेत. यांचा प्रश्न तो माझा प्रश्न!" मग टाळ्या थांबेनात.

मी काकांसमोर माईक धरला. त्यांच्या दोन्ही हातांत नारळ होता आणि शाल खांद्यावरून घसरत होती. फेटा कानांवर आला होता. ते म्हणाले, "माझा एक साधा…"

आणि थांबले. उजवा खांदा किंचित हलला. पण नारळ सोडून हात बाजूला निघाला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

सभेतली शांतता म्हणजे काय, हे सूत्रसंचालकाला विचारा. मी आयुष्यभर ती भरून काढत आलो आहे. त्या वेळी मी नुसता गप्प राहिलो असतो तरी पुरलं असतं. थोडा वेळ लागला असता, लोक चुळबुळले असते, पण काका बोलले असते. मी म्हणालो, "काकांचा कंठ दाटून आला आहे. धन्यवाद, काका. यानंतर…"

सभेनंतर ते मला स्टेजच्या मागं भेटले, जिथं भाड्याच्या जीप उभ्या होत्या. त्यांनी एका दगडावर नारळ फोडला होता आणि ड्रायव्हर लोकांना खोबरं वाटत होते. मलाही एक तुकडा दिला.

"पाया पडला हो माणूस, मास्तर," ते म्हणाले. "पाया पडलेल्याला कसं इचारावं? आपल्यात बसत न्हाई ते."

"काका, ते मानपत्रातलं वाक्य…"

"खोटं न्हाई ते. माझ्या गाडीतलं न्हाईच गेलं कोणी." आणि खोबरं चघळत राहिले. मला त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले असते तर मी माझी बाजू मांडली असती.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या घराला कुलूप दिसलं. निघायच्या आदल्या दिवशी ते शाळेत येऊन गेले होते. "नांदेडला खोली घेतली दवाखान्याजवळ. दिवस भरायला वेळ हाय, पण कोणी पुढं धाडायच्या आत आपणच पुढं जाऊन बसतो."

मुलीचं ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, आणि झाल्या झाल्या मोठ्यानं रडली, असं काकांनी मला फोनवर सांगितलं. तो आवाज मला ऐकवायला त्यांनी फोन बाळाजवळ धरला होता. पण तोवर ते झोपलं होतं, मला फक्त पंखा ऐकू आला.

मी भेटायला गेलो तेव्हा काका दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर बसले होते. खाली सत्काराची शाल अंथरलेली. "बेस हाय. गार लागत न्हाई," म्हणाले आणि मला बसायला शालीचा अर्धा भाग मोकळा केला. मी बसलो. दुसरी जागा नव्हती. मुलीनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "सर, हिला नाव सुचवा की. तुमी मराठीचे." त्या वेळी मला एकही नाव आठवेना.

"परत कधी येता?" मी काकांना विचारलं.

"आता काय येऊन राहिलो मी! म्हातारीचं बीपी वाढून राहिलं, माझा गुडघा गेला. घडीघडी पुढं येण्यापरीस पुढंच राहिलेलं बरं."

बसस्टँडवर सोडायला आले. माझी बस निघाली तशी वळून पाहिलं, तर ते फलाटाच्या कडेला उभे राहून हात बाजूला काढून ड्रायव्हरला मागची वाट मोकळी असल्याचं दाखवत होते.

दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर अजून आलेला नाही. ऑपरेशनच्या खोलीला कुलूप आहे. गावात पोटुशी बाई असली की आता घरची माणसं आधीच नांदेडला कोण नातेवाईक आहे ते शोधू लागतात, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

सभा होतात. माझी निवृत्ती अजून लांब आहे. परवाच्या सभेतही मी शेवटी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" कडेची खुर्ची रिकामी होती. मंडपवाल्यानं तिच्यावर वायरचं वेटोळं ठेवलं होतं. कुणी हात वर केला नाही, बाजूलाही काढला नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

काकांचा सवाल मला अजून पाठ आहे. माईक माझ्याच हातात होता. मी आभार मानायला सुरुवात केली.