दादाची जाळीदार टाच

कारखान्यात तिला सगळे आकडेताई म्हणत. कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात ती कॉम्प्युटरवर टाचा दाबायची. टाच म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर छापलेली बारीक काड्यांची जाळी. ती फार ताठ झाली तर प्रत्येक पावलाला कळ गुडघ्यापर्यंत जाते, फार मऊ झाली तर माणूस तोंडावर आपटतो. या दोन्हींच्या मधला ताठपणा शोधायचा, हेच तिचं पोटापाण्याचं काम.

शेजारच्या खोलीत तोडफोडबाई बसत. छापून आलेल्या जोडीतली एक टाच दाबयंत्रात घालून चिरडायची, हे त्यांचं काम, आणि त्या ते फार प्रेमानं करीत. त्यांचा एक नियम होता: टाच किती वजनाला मोडेल, हा कॉम्प्युटरचा आकडा कागदावर लिहून पालथा ठेवायचा, टाच दाबून होईपर्यंत कुणी तो सांगायचा नाही. "आकडा कानावर पडला की डोळ्यांनाही तोच दिसतो," असं त्यांचं म्हणणं.

या खेपेची टाच मात्र आकडेताईच्या दादाची होती. अपघातात त्याचा पाय गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. मूळचा हा गडी नाकावर राग घेऊन फिरणारा. पत्त्यांत हरला की पाय आपटत घरभर. आता हरला तरी मुकाट्यानं पत्ते गोळा करायचा. ती शांतता आकडेताईला खायला उठायची.

म्हणून तिनं घाई केली. आकडा सरळ सांगूनच टाकला. "बरोबरच आहे हो बाई! एक दाबा आणि दुसरी द्या. उद्या बसवायचीय दादाला."

बाईंनी चष्मा काढला. "सांगितलास ना? आता मी नाही दाबणार. उद्या स्टोअरवाल्यांना बसवते यंत्रावर, त्यांनी आकडा ऐकलेला नाही."

"माझ्या सख्ख्या भावाची आहे!"

"म्हणूनच."

नियमाचं काय लोणचं घालायचंय, असं पुटपुटत ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी स्टोअरवाल्यांनी टाच दाबली. सांगितलेल्या वजनाच्या बरंच आधी ती कडेनं फसकन बसली. आकडेताईला कारण लगेच कळलं. हिशेब सोपा व्हावा म्हणून तिनं जाळीचं एकच घर घेतलं होतं आणि चहूबाजूंना तशीच घरं अखंड पसरलीत असं धरलं होतं. कॉम्प्युटरमधल्या जाळीला कडच नव्हती! खरी टाच मुठीएवढी. तिच्या कडेच्या काड्या अर्धवट कापलेल्या, त्यांना पलीकडून धरायला कुणी नाही. नव्या मुलांना हीच चूक ती स्वतः समजावून सांगायची. या टाचेवर दादा जिना उतरला असता! ती उठली आणि तिनं बाईंचे दोन्ही हात धरले. इतकं ऋणी तिला आजवर कुणाचं वाटलं नव्हतं.

"सोड, चहा सांडेल," बाई म्हणाल्या.

मग तिनं अख्खी टाच कडेसकट कॉम्प्युटरमध्ये उभी केली, कडेच्या काड्या जाड केल्या आणि कागद पालथा ठेवला. या वेळी बाईंनी स्वतः दाबली. आकडा जुळला.

जोडीतली दुसरी टाच दादाच्या पायाला बसवली. दादा चालू लागला, पण काचेवरून चालल्यासारखा, जपून.

महिन्याभरानं एका संध्याकाळी तो बायकोकडून पत्त्यांत सपाटून हरला. पत्ते भिरकावून उठला आणि नव्या पायानं जमिनीवर असा काही दणका दिला की कपाटातले पेले वाजले. "लबाडी आहे ही!"

आकडेताईनं स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला.

"बाई, दादानं पाय आपटला."

"टाच?"

"शाबूत आहे."

"मग रडतेस कशाला?" बाई म्हणाल्या. पण त्यांनीही फोन लगेच ठेवला नाही.